घाटात पेडल तळाला गेलं, अर्ध्या तासाने परत आलं: मास्टर सिलिंडर बदलायचा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही बघता येईल. सहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, ५२ हजार किलोमीटर झालेली. मे महिन्यात पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन तुम्ही महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरत होतात. प्रतापगडाच्या फाट्याजवळ पाच-सात मिनिटं थांबलात, मुलांनी करवंदं घेतली. पुन्हा निघालात आणि दुसऱ्याच वळणावर पेडल स्पंजासारखं मऊ होऊन थेट तळाला टेकलं. हँडब्रेक आणि पहिला गिअर यांच्या जोरावर गाडी डोंगराच्या बाजूला थांबवलीत. अर्ध्या तासाने बघितलं तर ब्रेक जसेच्या तसे. घरी आल्यावर गॅरेजवाल्याने बघितलं आणि सांगितलं, "पॅड चांगले आहेत, मास्टर सिलिंडर गेलाय." (मास्टर सिलिंडर म्हणजे पेडलच्या जोराने ब्रेक ऑईलवर दाब आणणारा पंप.) खर्च साडेसहा हजार. बदलू का, असं तुम्ही विचारताय.

माझं गॅरेज महाडला आहे, म्हणजे घाट उतरून आलेली गाडी पहिल्यांदा जिथे थांबते त्या टापूत. सव्वीस वर्षं झाली. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत रविवारी संध्याकाळी दारात किमान एक तरी गाडी अशी उभी असते, की बोनेट उघडायच्या आधीच चाकाकडून जळका वास येतो. त्यामुळे तुमच्या गाडीला हात न लावताही एवढं सांगू शकतो: साडेसहा हजार लगेच खर्च करू नका. माझा पहिला संशय ब्रेक ऑईलवर आहे. गाडी बघितल्याशिवाय छातीठोक कुणीच सांगू शकत नाही, म्हणून खात्री कशी करायची तेही पुढे लिहितो.

ब्रेक बिघडला की आपण सगळ्यालाच "ब्रेक लागला नाही" म्हणतो. पण पायाला काय जाणवलं यावर अर्धं निदान असतं. पेडल दगडासारखं कडक आहे, तुम्ही जीव खाऊन दाबताय आणि गाडी मात्र सरकतेच आहे, हा एक प्रकार. यात पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासून गाडी थांबवणारे तुकडे) इतके तापलेले असतात की त्यांची पकडच सुटते, किंवा मग बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या यंत्राला, व्हॅक्युम मिळत नसतो. पेडल मऊ होऊन खाली जातं हा दुसरा प्रकार. यात पॅडचा काही संबंध नाही. पायाचा दाब चाकापर्यंत पोचतच नाहीये. तुमचा प्रकार हा दुसरा. म्हणून "पॅड चांगले आहेत" हे गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं असलं तरी तुमच्या प्रश्नाचं ते उत्तर नाही.

दाब न पोचण्याची कारणं ढोबळमानाने तीन. ऑईल कुठेतरी गळतंय, मास्टर सिलिंडरच्या आतले सील दाब धरत नाहीत, किंवा ऑईलमध्ये हवा नाहीतर वाफ झाली आहे. ऑईल दाबलं जात नाही, म्हणून तर ते पायाचा जोर पुढे नेतं. वाफ मात्र दाबली जाते. नळीत वाफ झाली की तुमचा सगळा जोर ती वाफ चेपण्यात जातो.

गळती असती तर अर्ध्या तासाने ब्रेक आपोआप बरे झाले नसते आणि बोनेटखालच्या ऑईलच्या डब्यातली पातळी उतरली असती. सील गेले असते तर घरी, सपाटीवर, सिग्नलला थांबलेलं असतानाही पेडल हळूहळू बसताना जाणवलं असतं. तापल्यावर गेलं आणि थंड झाल्यावर आलं, हे लक्षण वाफेचं आहे. आणि तुमच्या हकिगतीत ग्यानबाची मेख आहे ती करवंदांची. गाडी चालत असताना चाकाला वारा लागतो, डिस्क थोडी तरी निवते. तुम्ही पाच-सात मिनिटं थांबलात तेव्हा वारा बंद झाला. तापलेल्या डिस्कची आणि पॅडची आच कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीत) मुरली, पिस्टनमागच्या ऑईलला पोचली आणि ऑईल तिथे उभ्या गाडीत उकळलं. म्हणून पेडल निघाल्याबरोबर गेलं. अर्धा तास थांबलात तेव्हा वाफेचं पुन्हा ऑईल झालं. घाटाच्या मधोमध चहाला थांबून निघाल्यावर ब्रेक गेल्याच्या कितीतरी तक्रारी मी ऐकल्यात, आणि दर वेळी माणूस सांगतो, "थांबायच्या आधी एकदम ओके होती हो गाडी!"

आता ऑईल उकळलंच का? गाडीत साधारणपणे डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑईल असतं. नवं, कोरडं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असं मानक आहे. डॉट ४ साठी हा आकडा २३०. पण हे ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं. रबरी होजमधून, डब्याच्या झाकणातून, वर्षानुवर्षं थोडं थोडं. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकातले आकडे अनुक्रमे १४० आणि १५५ वर येतात. डॉट ४ घेतलं तर ७५ अंशांचा फरक झाला, आणि डब्यात बघाल तर पातळी 'मॅक्स'च्या रेघेला अगदी बरोबर. पातळी भरलेली दिसते, म्हणून हे ऑईल कुणी बदलत नाही. इंजिन ऑईल दर सर्व्हिसला न चुकता बदलतात, ब्रेक ऑईल मात्र सहा-सहा वर्षं शोरूममधलंच चालू असतं. तुमच्या सर्व्हिसची बिलं काढून बघा. "ब्रेक फ्लुइड टॉप-अप" लिहिलेलं सापडेल, "रिप्लेस" बहुधा नाही. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तकात दोन वर्षं किंवा ४० हजार किलोमीटरच्या आसपास बदला असं लिहिलेलं असतं. तुमच्या गाडीचं पुस्तक सांगेल ते प्रमाण. आमच्या कोकणातल्या दमट हवेत मी दोन वर्षांच्या पुढे जात नाही.

उष्णता किती असते याचा अंदाज यावा म्हणून एक साधा हिशेब. माणसांसकट गाडी १३०० किलो धरा. दर वीस मीटरला एक मीटर खाली जाणारा उतार, वेग ताशी ४० किलोमीटर. हा वेग तसाच राखायचा तर सुमारे ७ किलोवॅट ताकद कुठेतरी जिरवावी लागते. त्यातले दोनेक किलोवॅट टायर आणि हवा खातात. उरले पाच. बाथरूममधला गीझर दोन किलोवॅटचा असतो, म्हणजे अडीच गीझर सतत चालू. ही उष्णता इंजिनाने खायची की ब्रेकने, हे तुम्ही कुठल्या गिअरमध्ये उतरता त्यावर ठरतं. चौथ्या गिअरमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये उतरलात तर जवळजवळ सगळी ब्रेकच्या माथी. तुम्ही गिअर लिहिलेला नाही, पण "पेट्रोल वाचावं म्हणून मोकळी सोडली होती" असं एक वाक्य प्रश्नात आहे. त्यावर खाली बोलतो.

आधी माझी चूक सांगतो, कारण तुमच्या गॅरेजवाल्याला मी मूर्ख म्हणत नाहीये. गॅरेज टाकून थोडी वर्षं झाली होती तेव्हा एक टुरिस्ट गाडीवाला हीच तक्रार घेऊन आला. मी मास्टर सिलिंडर बदलला, एअर काढली (नळ्यांतली हवा बाहेर सोडली), गाडी झकास झाली. गिऱ्हाईक खूष, मीही खूष. अडीच-तीन वर्षांनी तोच माणूस, तीच गाडी, तीच तक्रार. मी बसवलेला सिलिंडर उघडला तर सील नव्यासारखे, बोअर (सिलिंडरची आतली भिंत) आरशासारखी. तेव्हा डोक्यात उजेड पडला: पहिल्या वेळी सिलिंडर बदलताना जुनं ऑईल निघून गेलं होतं आणि एअर काढताना नवं भरलं होतं. गाडी बरी झाली ती ऑईलमुळे, श्रेय घेतलं सिलिंडरने. त्या माणसाकडून दुसऱ्या वेळी पैसे घेतले नाहीत. तुम्हीही आज सिलिंडर बदललात तर तक्रार जाईल आणि तुमच्या गॅरेजवाल्याला आपलं निदान बरोबर होतं असंच वाटेल.

तर खात्री कशी करायची. गाडी सपाटीवर उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन चालू ठेवा. पेडल नेहमीसारखं दाबून मिनिटभर धरून ठेवा. मग सोडून पुन्हा दाबा, या वेळी अगदी हलकं, सिग्नलला गाडी नुसती धरून ठेवायला लागतं तेवढंच. हे हलकं दाबणं विसरू नका, कारण जोरात दाबल्यावर झिजलेला सील पसरून धरतो आणि हळू दाबल्यावर सोडतो. दोन्ही वेळा पेडल जिथल्या तिथे राहिलं तर मास्टर सिलिंडरवरचा माझा संशय जवळजवळ संपला. पाय सारखाच असताना ते हळूहळू खाली सरकत गेलं आणि बाहेर कुठे गळती नाही, तर तुमचा गॅरेजवाला बरोबर आणि मी चूक. इंजिन सुरू करताना पेडल बोटभर खाली जातं, त्याला घाबरू नका. तो बूस्टर काम करतोय याचा पुरावा आहे.

त्यानंतर चारही चाकांच्या आतल्या बाजूला, टायरच्या भिंतीवर ओल आहे का बघा. असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, माणसाला घरी बोलवा.

ऑईल बदलायला सांगताना "टॉप-अप नको, चारही चाकांतून जुनं काढून नवं भरा" असं स्पष्ट सांगा आणि शक्य असेल तर समोर उभे राहा. पारदर्शक नळी चाकाजवळच्या, ऑईल सोडायच्या निपलला लावून बाटलीत जुनं ऑईल काढतात. सुरुवातीला चहासारखं येतं, मग फिक्या सोनेरी रंगाचं यायला लागतं. नुसत्या रंगावर भरवसा ठेवू नये, काळं ऑईल उकळीला बरं आणि स्वच्छ दिसणारं पाण्याने भरलेलं असं दोन्ही मी पाहिलंय. पण बदलताना नवं कुठून सुरू झालं ते कळायला रंग उपयोगी पडतो. कोणत्या चाकापासून सुरुवात करायची हे गाडीवर अवलंबून आहे. डबा नवा, सीलबंद हवा. अर्धा वापरून फळीवर पडलेला डबा म्हणजे पाणी प्यायलेलं ऑईलच. गाडीतल्या ऑईलच्या डब्याच्या झाकणावर जो डॉट लिहिलाय तोच घ्या. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं, मी घाटात फिरणाऱ्यांना तेच सुचवतो. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही. डॉट ५.१ वेगळं, नावावरून गोंधळ होतो.

एक बारीक गोष्ट, जी घाईत कुणी पाळत नाही. एअर काढताना हेल्पर आत बसून पेडल धाडकन तळापर्यंत मारतो. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचे सील बोअरच्या वरच्या अर्ध्यातच फिरत असतात. खालच्या भागात वर्षानुवर्षांचा गंज आणि खरखर साचलेली असते. पेडल तळाला गेलं की सील त्या खरखरीवरून घासतो आणि फाटू शकतो. माझ्याकडे दोन इंच जाडीचा एक लाकडी ठोकळा आहे, उस्तादांच्या वेळचा, ऑईल पिऊन काळा पडलेला. एअर काढताना तो पेडलखाली ठेवतो. तुमचं पेडल घाटात तळाला जाऊन आलेलंच आहे, त्यामुळे मिनिटभर धरण्याची ती चाचणी ऑईल बदलल्यावर आठवड्याभराने पुन्हा करा.

त्याच वेळी पुढची दोन्ही चाकं खोलायला सांगा. "पॅड चांगले आहेत" हे चाक न काढता, रिमच्या फटीतून बघून सांगितलं असेल तर फक्त बाहेरचा पॅड बघितलाय. कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम झाल्या असतील तर आतला पॅड जास्त झिजतो, बाहेरचा गोंडस राहतो, आणि असं चाक सतत घासत राहून तापतं. एका चाकावरचं ऑईल आधी उकळायला तेवढं पुरतं. पिना हाताने सरकल्या पाहिजेत. त्यांना रबराला चालणारं ब्रेकचं ग्रीस लावतात. साधं चेसिस ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि सहा महिन्यांत पिना आणखी जाम. पॅडचं मटेरियल ३ मिलिमीटरच्या खाली गेलं असेल तर मी बदलतो. डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते, तीही मोजून घ्या. मागच्या ड्रममध्ये धूळ साफ करून शू ॲडजस्ट केले की काम झालं.

आता घाट उतरण्याचं. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे एसटीच्या ड्रायव्हरांपासून सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. आंबेनळीत भरलेल्या हॅचबॅकला बहुतेक ठिकाणी दुसरा लागतो, मधल्या सपाट तुकड्यांवर तिसरा. इंजिन साडेतीन हजार आरपीएमला ओरडतं, बायको विचारते "गाडीला काय झालं?" काही झालेलं नाही, ते इंजिन त्यासाठीच बनवलंय. ब्रेक सतत हलका धरून उतरायचं की थोडा वेळ जोरात दाबून पूर्ण सोडायचं, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मी दुसऱ्या पद्धतीचा आहे, कारण पाय पूर्ण सोडला की गिअर चुकीचा आहे हे लगेच कळतं, गाडी पळायला लागते. पण खरं सांगायचं तर एकूण उष्णता फारशी बदलत नाही. गिअर बरोबर असेल तर ब्रेक कसाही दाबा, निभावतं. गिअर चुकला तर कुठलीच पद्धत वाचवत नाही.

ऑटोमॅटिकवाल्यांनी उतारावर 'डी'मध्ये ठेवून निवांत बसू नये. एल, २, किंवा मॅन्युअल मोड, जे असेल ते घ्यावं. इलेक्ट्रिक गाडीत मोटरच गाडी रोखते आणि बॅटरी भरते, पण वरून १०० टक्के चार्ज करून निघालात तर भरायला जागाच नसते आणि सगळा भार पुन्हा ब्रेकवर येतो.

आणि ते पेट्रोल वाचवणं. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल जवळजवळ बंदच होतं, चाकंच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला पेट्रोल लागतंच. म्हणजे मोकळी सोडून तुम्ही थोडं जास्तच जाळलंत. इंजिन बंद करून उतरणं तर साफ विसरा. बूस्टरमधला व्हॅक्युम दोन-तीन दाबांत संपतो, पुढे पेडल दगड होतं, आणि चावी काढली तर स्टिअरिंग लॉक.

पेडल पुन्हा कधी गेलंच, तर तुम्ही केलंत ते बहुतांशी बरोबर होतं. त्यात भर एवढीच: पेडल भराभर पंप करा, वाफ चेपली जाऊन कधी कधी थोडा दाब मिळतो. गिअर एकेक करून खाली आणा. हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढा, खाडकन ओढला तर मागची चाकं घसरतात. बटणाचा, म्हणजे इलेक्ट्रिक, हँडब्रेक असेल तर बहुतेक गाड्यांत तो ओढून धरून ठेवल्यावर गाडी थांबत जाते. काहीच जमलं नाही तर डोंगराकडच्या गटाराला किंवा मातीच्या भिंतीला गाडी घासवा. पत्रा नवा मिळतो. थांबल्यावर चाकावर पाणी ओतू नका, लाल झालेल्या डिस्कला तडा जाऊ शकतो. तोंड उताराकडे असल्याने रिव्हर्स गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड लावा, आणि माणसं दरीच्या बाजूला नाही, डोंगराच्या बाजूला उतरवा.

एक शंका राहिली. तुमच्या पायाखाली जाड रबरी मॅट आहे का, आणि त्या दिवशी पाण्याची बाटली कुठे होती? दोन वर्षांपूर्वी एकाचा "गेलेला" ब्रेक मला सीटखालून लोळत आलेल्या एक लिटरच्या बाटलीत सापडला होता. तुमच्या बाबतीत पेडल तळापर्यंत गेलं, त्यामुळे तसं वाटत नाही. तरी बघून घ्या. मिनिटभर धरण्याच्या चाचणीत पेडलने काय केलं आणि शेवटचं ऑईल कधी बदललं होतं, या दोन गोष्टी कळवा. पेडल बसत असेल तर मीच म्हणेन, साडेसहा हजार देऊन टाका.